नेमूचे टाके

"वस्ताद, आवाज कसा वाटला?"

दस्तगीर वस्तादांनी डोळे मिटून कान दिला होता.

गाडी त्यांच्या दारातच उभी होती. दोन माणसांची, उघड्या टपाची, विलायती स्पोर्ट्‌स कार. वय सत्तरीच्या घरातलं, पण काल कारखान्यातून निघाल्यासारखी दिसत होती. बॉनेट वर केलेलं, इंजिन चालू. आणि इंजिनावर रणधीर इंगवल्यांनी पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला होता.

पाणी जेमतेम थरथरत होतं. एक थेंब सांडला नव्हता.

"चौदा महिने लागले, वस्ताद. पुण्यात माझ्याकडं सोळा माणसं आहेत. पण या इंजिनाला मी कुणाला हात लावू दिला नाही. क्रँक मी उतरवला, व्हॉल्व्ह मी घासले. वायरी बघा. पूर्वी जशा सुती वेष्टणाच्या होत्या, तशाच विणून घेतल्या. रेडिएटर पितळेचा. क्लिपासुद्धा त्या काळातल्या शोधून आणल्या."

वस्ताद ओट्यावर बसून ऐकत होते. वय अठ्ठ्याहत्तर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एके काळी या माणसानं नुसतं बॉनेटवर कान ठेवून दुखणं सांगावं आणि ते खरं निघावं, अशी त्यांची ख्याती. आता गॅरेज मिटलं होतं. मागच्या खोलीत ते कार्बोरेटर तेवढे साफ करून देत.

"बंद कर," ते म्हणाले.

रणधीरनं इंजिन बंद केलं. त्याला वाटलं, आता म्हातारा उठेल, पाठीवर थाप मारेल. त्या थापेसाठीच तो पुण्याहून आला होता. पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन होतं. वस्तादांना शेजारी बसवून गाडी मैदानात न्यायची, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

वस्ताद उठले. सावकाश गाडीपाशी आले. पेला उचलून बाजूला ठेवला. मग वाकून उजवा हात इंजिनाच्या बगलेत घातला, थेट खाली, जिथं नजर पोचत नाही तिथं.

बोटं फिरत राहिली... पुढं, मागं, पुन्हा पुढं.

"इथं टाके होते."

रणधीर हसला. "आता सापडायचे नाहीत, वस्ताद. घासून एकसारखं केलं, खाचांत लांबी भरली, वर कारखान्याचाच रंग दिला. इंजिनाचा ब्लॉक फुटला होता हे सांगूनसुद्धा कुणाला पटत नाही."

"जोड काढलास?"

"नाही. जोड आत तसाच आहे. पक्का आहे. काढायची गरजच नव्हती."

"म्हणजे गाडी अजून नेमूच्याच टाक्यांवर चालतीये."

रणधीरचं हसू तसंच ओठांवर राहिलं, पण त्यात जीव उरला नाही.

"...हो."

वस्तादांनी हात बाहेर काढला. तळहात उलटा-सुलटा करून बघितला. एक काळा डागसुद्धा लागला नव्हता.

सव्वीस वर्षांपूर्वी हीच गाडी या दारात आली होती. एका जहागीरदारांची. तिचं इंजिन नव्यानं बांधायचं होतं, आणि वस्तादांच्या हाताखाली दोन जण शिकत होते. एक रणधीर. दुसरा शिरोळकडच्या नांदणी गावचा नेमगोंडा चौगुले. सगळे त्याला नेमू म्हणत.

रणधीरचा हात वेगवान. बघता बघता तो काम उरकायचा आणि ते देखणंही व्हायचं. नेमूचं सगळंच धिमं. नट आवळला की तो मागं सरून बघायचा, पुन्हा पुढं येऊन पाना लावायचा. रणधीर त्याची थट्टा करायचा, आणि नेमूही त्यात हसायचा.

इंजिन बांधून झालं. घाटात चाचणीला गाडी नेली. तिसऱ्या वळणावर आतून हातोडा मारल्यासारखा आवाज झाला आणि तीन नंबरच्या सिलिंडरचा रॉड ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला. रस्त्यावर तेलाचं थारोळं झालं.

वस्तादांनी इंजिन उघडलं. रॉडचे दोन्ही नट सुटून पडले होते. नट सुटू नये म्हणून त्यात पिना घालतात. त्या तिथं नव्हत्याच.

"तीन नंबर कुणी बसवला?" वस्तादांनी विचारलं होतं.

रणधीर गप्प उभा राहिला.

नेमूही गप्प उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "खालचं काम माझ्याकडं होतं, वस्ताद. मीच बसवला असणार."

ब्लॉक सांधायचं काम त्यानं मागून घेतलं. ओतीव लोखंड वेल्डिंगला दाद देत नाही. भेगेवर शेजारी शेजारी भोकं पाडायची, त्यात आटे पाडायचे, एकेक खिळा पिळून बसवायचा आणि ठोकून सपाट करायचा. नेमूनं अकरा दिवस तेच केलं. असे बावन्न टाके घातले. बाराव्या दिवशी आपले पाने पुसून, कापडात गुंडाळून वस्तादांपुढं ठेवले, आणि गावी निघून गेला. पुन्हा त्यानं पाना हातात धरला नाही.

"चांगलं केलंस," वस्ताद आता म्हणाले. "काही खूण ठेवली नाहीस."

ही गाडी रणधीरनं का शोधून काढली, जहागीरदारांच्या नातवाच्या मागं दोन वर्षं का लागला, इंजिनाला दुसऱ्या कुणाला का शिवू दिलं नाही, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, एकदा हे इंजिन निर्दोष झालं की आतलं काहीतरी थांबेल.

"वस्ताद, एक सांगायचंय."

"सांग."

"तीन नंबर... मी बसवला होता."

वस्ताद इंजिनाकडंच बघत होते.

"नेमू जेवायला गेला होता. दिवस बुडायच्या आत जेवायचं असायचं ना त्याला. एकच सिलिंडर राहिला होता. म्हटलं, तो येईपर्यंत उरकून टाकू. नट आवळले आणि... पिना घालायच्या राहिल्या. तुम्ही विचारलंत तेव्हा मला आठवलं. त्याच क्षणी आठवलं."

"ठाऊक आहे."

रणधीरनं मान वर केली. "काय ठाऊक आहे?"

"तू बसवलास ते."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुझ्या नट-बोल्टांच्या थाळीत दोन पिना उरल्या होत्या. मी उचलून खिशात टाकल्या."

समोरच्या शेडमध्ये लेथ फिरत होतं, त्याचा एकसुरी आवाज तेवढा येत राहिला.

"मग बोलला का नाहीत?" रणधीरचा आवाज चढला. त्याला स्वतःलाच कळेना, आपण कशावर रागावलोय. "मला फाडून खायचं होतंत! हाकलून द्यायचं होतंत!"

वस्ताद पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"तुझा हात बघितला होता मी," ते म्हणाले. "तीस वर्षांत असा हात दारात आला नव्हता. तुला हाकललं असतं तर तू बिघडला असतास. नेमूचं काय... म्हटलं, साधा माणूस आहे. कुठंही पोट भरेल."

वस्तादांनी आपल्या हातांकडं बघितलं.

"तू गप्प बसलास तेव्हा बावीस वर्षांचा होतास, रणधीर. मी बावन्नचा होतो."

इतकी वर्षं रणधीरनं या माणसाची भीती बाळगली होती. कळलं तर काय म्हणतील, याची भीती. आणि कळलेलं तर पहिल्या दिवसापासूनच होतं.

"तो येतो माझ्याकडं," वस्ताद म्हणाले. "दर ईदला. शेंगांची पिशवी घेऊन येतो. पाया पडतो. मी डोक्यावर हात ठेवतो."

मग त्यांनी टोपी उचलली.

"चल."

"कुठं?"

"गाडी दाखवायला आणलीस ना? मग ज्याची आहे त्याला दाखव."

हातकणंगले मागं पडलं. जयसिंगपूर ओलांडलं. दोन्ही बाजूंना ऊस होता आणि उघड्या गाडीत वारा भणभणत होता. इंजिन एका लयीत चाललं होतं. चौदा महिन्यांत रणधीरला ते इतकं गोड कधी लागलं नव्हतं आणि इतकं असह्यही कधी वाटलं नव्हतं.

नेमूचं घर गावाच्या कडेला होतं. पुढं पत्र्याची पडवी, पडवीत वाळत घातलेल्या शेंगा. तो शाळेत शिपाई होता. दोनच वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. आवाज ऐकून तो आधीच बाहेर येऊन उभा राहिला होता. केस पूर्ण पांढरे, अंगात बंडी.

"तीच ना?" तो म्हणाला. "वळणावरच ओळखली मी. दुसऱ्या कुठल्या गाडीचा असा आवाज नाही." मग शेजारी बसलेला माणूस त्याच्या ध्यानात आला. "अरेच्चा... वस्ताद! तुम्ही कशाला आलात या उन्हात? मला निरोप धाडायचा."

तो धावत आला. वस्तादांना हाताला धरून उतरवलं आणि रस्त्यातच पाया पडला. वस्तादांनी या वेळी डोक्यावर हात ठेवला नाही. नेमूच्या ते लक्षातही आलं नाही. तो रणधीरकडं वळला होता.

"किती मोठा झालास रे! पेपरात फोटो बघतो तुझे. गावात सगळ्यांना सांगतो, एका थाळीतले पाने वापरलेत आम्ही."

रणधीरनं बॉनेट उघडलं. काय करावं हे कळत नव्हतं, म्हणून उघडलं.

नेमू वाकून बघत राहिला. तांब्याच्या नळ्या, पितळ, जागच्या जागी बसलेल्या वायरी. डोळे लहान मुलासारखे लकाकले. पण दोन्ही हात त्यानं पाठीमागं बांधून घेतले होते.

"हात लाव की," रणधीर म्हणाला.

"नको नको. बघतोय ना."

मग तो आणखी वाकला. मान वाकडी करून ब्लॉकच्या बगलेत, खाली, बघू लागला.

"इथंच होते ना रे?"

"...हो."

"दिसत नाहीत."

"नाही. घासून टाकले."

नेमू सरळ झाला. त्याच्या चेहऱ्यावर कसलं तरी ओझं उतरल्यासारखं समाधान होतं.

"बरं केलंस, रणधीर. लई बरं केलंस. माझी लाज झाकलीस."

रणधीरनं वस्तादांकडं बघितलं. वस्ताद पडवीच्या पायरीवर बसले होते. त्यांनी नजर उचलली नाही.

"नेमू, तुझी लाज नव्हती ती," रणधीर म्हणाला. "तीन नंबर मी बसवला होता. तू जेवायला गेला होतास. पिना मी घातल्या नाहीत. वस्तादांनी विचारलं आणि... मी गप्प बसलो. तू म्हणालास मीच असणार, तरी गप्प बसलो."

नेमू त्याच्याकडं नुसता बघत राहिला. जणू रणधीर दुसऱ्याच कुणाची हकिकत सांगतोय.

"मी जेवायला गेलो होतो?"

"हो."

"मला तसं आठवत होतं," नेमू हळूच म्हणाला. "पहिले काही दिवस आठवत होतं. मग वाटायला लागलं, जेवून आल्यावर बसवला असेल. रोज आठवायचो. आठवून आठवून मला दिसायलाच लागलं. मी नट आवळतोय... पिना थाळीत आहेत... आणि मी उठून जातोय. स्वच्छ दिसायचं. अजून दिसतं."

"ते झालंच नव्हतं, नेमू."

"झालंच नव्हतं..."

त्यानं पाठीमागचे हात पुढं आणले. तळवे समोर धरले. ओळखीचा माणूस फार वर्षांनी भेटावा आणि नाव आठवू नये, तसं तो त्यांच्याकडं बघत होता.

"म्हणजे माझा हात विसरला नव्हता?"

"नाही."

नेमूनं बोटं मिटली, पुन्हा उघडली.

"नेमू, काहीतरी बोल. शिव्या दे."

"घराला कुलूप लावतो ना मी," नेमू म्हणाला, "तर चार पावलं जाऊन माघारी येतो. ओढून बघतो. पुन्हा जातो, पुन्हा येतो. बायको हसते. शाळेत घंटा द्यायचो तर घड्याळ तीनदा बघायचो. वाटायचं, आपला भरवसा नाही." तो थांबला. "ते जाऊ दे. माझं काय. पण सन्मतीला आयटीआयला जायचं होतं. माझा पोरगा. मोटारीचं भारी वेड होतं त्याला. मी जाऊ दिलं नाही. म्हटलं, आपल्या घरातला हात विसरणारा आहे, कुणाचा तरी जीव जाईल. इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला जातो आता."

रणधीर गाडीला टेकला. तापलेल्या पत्र्याचा चटका हाताला बसत होता, पण हात काढून घ्यावासा वाटेना.

"मी त्याला पुण्याला नेतो. माझ्याकडं..."

"पस्तिशी उलटली त्याची," नेमू म्हणाला. रागानं नाही. नुसतं सांगितलं.

एक बैलगाडी रस्त्यानं गेली. गाडीवाल्यानं चमकत्या मोटारीकडं मान वळवून बघितलं आणि नेमूला हात केला. नेमूनंही हात केला.

मग त्यानं एकाएकी विचारलं, "वस्तादांना ठाऊक होतं?"

पायरीवर बसलेल्या वस्तादांना ते ऐकू गेलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्यांनी मान खालीच ठेवली होती.

रणधीरला क्षणभरसुद्धा विचार करावा लागला नाही. आपलं पाप आपण एकट्यानं उचलायचं, म्हाताऱ्या गुरूला त्यात ओढायचं नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे, असं त्याला वाटलं.

"नाही," तो म्हणाला. "त्यांना कुठलं ठाऊक? मघाशी तुझ्याकडं निघताना सांगितलं मी."

नेमूनं सुस्कारा सोडला.

"मला वाटलंच. त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी मला जाऊ दिलं नसतं."

एवढं बोलून तो वस्तादांकडं वळला. आवाज मोठा करून, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसं म्हणाला, "वस्ताद, बसा सावलीत. पाणी आणतो. चहा टाकायला सांगतो. अन् आता आलाच आहात तर शेंगाही घेऊन जा, ईदेची वाट कशाला बघायची?"

तो आत गेला. आतून भांड्यांचा आवाज आला. मग तो बायकोला काहीतरी सांगत असल्याचं ऐकू आलं. शब्द कळत नव्हते. मध्येच तो बोलायचा थांबला, आणि बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही.

रणधीर पायरीपाशी आला. त्याचे डोळे लाल झाले होते. पण पुष्कळ वर्षांनी छातीतून पूर्ण श्वास जात होता. आपण वस्तादांना वाचवलं, याचाही एक लहानसा अभिमान त्यात होता. तो त्याला लपवता आला नाही.

"त्याला सांगितलं नाही मी," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तुमचं नाव येऊ दिलं नाही."

वस्तादांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, कळलं नाही.

"चहा पिऊन अवघडल्यासारखं होईल, वस्ताद. त्यालाही जरा एकटं राहू द्यावं. निघू या आपण."

त्यानं गाडीचं दार उघडून धरलं.

वस्ताद उठले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी घालून मांडीवर ठेवली, आणि नेमूच्या घराच्या दाराकडं तोंड करून बसले.

"तू हो पुढं," ते म्हणाले. "माझं सांगायचं राहिलंय."